आधी लॅपटॉपच्या पाठीला हात लावून बघा

मागच्या महिन्यात आमच्या घरी नवा लॅपटॉप घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. साठ हजारांचा. बाबांनी एक एफडी मोडायची तयारीही केली होती. कारण होतं कबड्डी. खरी नाही, व्हिडिओ गेममधली.

झालं असं की दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मे महिन्यात पहिल्यांदाच एकटा रायपूरला राहायला आला. वय वर्षं सात. दादा बंगळुरूला, वहिनी कन्नड, त्यामुळे घरात इंग्रजी आणि शाळेमुळे थोडीफार हिंदी. मराठी त्याला कळते, पण बोलायची वेळ आली की "आत्या, यू टेल आजोबा" असं म्हणून माझ्याकडे बघतो. बाबा मागच्या वर्षी निवृत्त झाले. आधीच कमी बोलणारा माणूस, त्यात आता ऑफिसही नाही. नातू येणार म्हणून आठ दिवस आधीपासून आंबे पिकवायला ठेवलेले, आणि नातू आल्यावर दोघं समोरासमोर बसून नुसते हसत होते. बोलणार काय?

तिसऱ्या दिवशी बाबांनीच माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात दादाने पहिल्या पगारातून घेतलेला प्लेस्टेशन टू होता, आणि एक डिस्क. 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया'.

तुमच्यापैकी पस्तिशीतल्या वाचकांना हा प्लेस्टेशन नक्की आठवेल. जपानमध्ये तो २००० साली आला आणि २०१३ च्या सुरुवातीला सोनीने त्याचं उत्पादन थांबवलं. तोवर जगभरात पंधरा कोटींहून जास्त विकला गेला होता. आपल्याकडे तो बराच उशिरापर्यंत चालला, आणि म्हणूनच २००९ च्या आसपास त्याच्यासाठी भारतात गेम तयार झाले. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने 'हनुमान: बॉय वॉरियर' केला, हैदराबादच्याच गेमशास्त्रने 'देसी अड्डा'. या दुसऱ्यात कबड्डी आहे, पतंग आहेत आणि गिल्ली-डंडा आहे. बाबांनी आयुष्यात हातात घेतलेला एकमेव गेम तो. तात्यापाऱ्याच्या गल्लीत विटी-दांडू खेळून मोठा झालेला माणूस, रिमोट हातात घेऊन दादाला हरवायचा. मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझी पाळी कधी येते याची वाट बघत बसायचे.

तर तो प्लेस्टेशन टीव्हीला जोडला. चालू झाला, पण डिस्क काही वाचेना. लेन्स गेली होती. भाच्याने पाच मिनिटं वाट पाहिली आणि आईचा फोन मागितला. बाबा खोकं पुन्हा बांधायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा, लॅपटॉपवर चालवून बघते."

इथे एमुलेटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. माहीत असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

गेम ज्या मशीनसाठी लिहिलेला असतो त्या मशीनची भाषा आपल्या कॉम्प्युटरला येत नाही. एमुलेटर म्हणजे मधला दुभाषी. गेम एक वाक्य बोलतो, एमुलेटर ते कॉम्प्युटरच्या भाषेत सांगतो, उत्तर आलं की पुन्हा उलट. सध्या घरात हेच काम माझ्याकडे असल्यामुळे मला ते चांगलंच समजतं. दोन माणसं पाच मिनिटांत बोलतील ते दुभाष्यामार्फत बोलायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणून २००० सालच्या मशीनची नक्कल करायलाही कॉम्प्युटर त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान लागतो. प्लेस्टेशन टूचा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, मेमरी ३२ एमबी. आकडे बघून वाटतं, माझा फोनसुद्धा हे झोपेत करेल. पण त्या मशीनमध्ये एक प्रोसेसर नव्हता. गणितं करणारी दोन युनिट वेगळी, चित्राची चिप वेगळी, शिवाय आधीच्या प्लेस्टेशनचा अख्खा प्रोसेसर आत बसवलेला. ही सगळी मंडळी एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर काम करतात. तो ताल सांभाळणं हेच अवघड काम.

हुशार दुभाषी एक युक्ती करतो. "जेवलास का?" हे वाक्य रोज येतं, मग त्याचं भाषांतर दर वेळी नव्याने कशाला करायचं? एकदा केलं की लक्षात ठेवायचं. चांगले एमुलेटर असंच करतात, म्हणून तर ते घरच्या लॅपटॉपवर चालू शकतात.

मी निवडला पीसीएसएक्सटू. हा मोफत आहे आणि २००२ पासून लोक तो हौसेने सुधारत आलेत. एक गोष्ट लक्षात ठेवा. या एमुलेटरसोबत प्लेस्टेशनचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, मिळत नाही. ते आपल्याच मशीनमधून काढायचं असतं. आमची लेन्स गेली असली तरी मशीन चालू होतं, त्यामुळे मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हच्या मदतीने एका संध्याकाळी ते जमलं. डिस्कची कॉपी शेजाऱ्यांच्या यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हवर केली. "एवढं कशाला, सगळं नेटवर फुकट मिळतं" असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. एमुलेटर बनवणं किंवा वापरणं यात गैर नाही. अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला होता. पण दुसऱ्याचा गेम फुकट उतरवणं ही सरळ कॉपीराइटची चोरी. २०२४ मध्ये निन्टेन्डोने युझू या एमुलेटरवर केस केली, ती चोवीस लाख डॉलर घेऊन मिटली आणि युझू बंद पडला. घरातल्या मुलाला हे सांगायला हरकत नाही. आमच्या भाच्याला मी एवढंच सांगितलं की ही डिस्क बाबाने पैसे देऊन घेतलीय, म्हणून आपण खेळतोय.

आता मूळ दुखणं. गेम चालू झाला. पहिली दहा मिनिटं उत्तम. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. आणि मग कबड्डीचा खेळाडू पाण्यातून चालल्यासारखा पाय उचलायला लागला. आवाज तर जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल संपल्यावर यायचा तसा. भाचा म्हणाला, "इट्स लॅगिंग," आणि उठून गेला. बाबांना लॅगिंग म्हणजे काय ते कळलं नाही, पण नातू उठून गेला हे कळलं.

त्यानंतर मी जे काही केलं ते सगळं चुकीचं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

पहिली चूक मी आधीच करून बसले होते. एक व्हिडिओ बघून चित्राचं रिझोल्यूशन तिप्पट ठेवलं होतं. तिप्पट म्हणजे उंचीही तिप्पट आणि रुंदीही तिप्पट, म्हणजे ठिपके नऊपट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला हे ओझं फार झालं. ते मूळ मापावर आणलं, तसा थोडा फरक पडला. पण दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

दुसरी चूक मोठी होती. 'गेमचा वेग दुप्पट करा' असं म्हणणारं एक सॉफ्टवेअर मी उतरवलं. वेग काही वाढला नाही, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिराती उगवायला लागल्या. याच लॅपटॉपवरून बाबा बँकेचे व्यवहार करतात. माझ्या पोटात गोळाच आला. ते काढून टाकलं, अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी केली, फोनवरून बँकेचा पासवर्ड बदलला, आणि बाबांना सगळं कबूल केलं. बाबा रागावले नाहीत, ते जास्त वाईट. एवढं सांगते, घरच्या कॉम्प्युटरवर असलं बूस्टर, क्लीनर, रॅम वाढवणारं काही टाकू नका. सॉफ्टवेअरने रॅम वाढत नाही.

मग एका दुकानात लॅपटॉप दाखवला. तिथल्या माणसाने तो उघडलाही नाही. सात वर्षं जुना म्हणाला, नवा घ्या. एफडीचा विषय निघाला तो तिथे.

त्या रात्री मी शांतपणे बसून फक्त एकच गोष्ट पाहिली: गेम नेमका मंद कधी होतो?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. चालू केल्यापासूनच मंद असेल तर सेटिंग किंवा प्रोसेसर कमी पडतोय. आधी नीट चालून काही वेळाने मंद होत असेल तर नव्वद टक्के वेळा लॅपटॉप तापलाय. आमचा सरळसरळ दुसरा प्रकार. मी लॅपटॉपच्या पाठीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

हे का होतं ते बघा. आमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा आय फाइव्ह ८२५० यू आहे. त्याचा कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, पण मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झच. थंड असेल तोवर तो पळतो. तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. लिखाण, मेल, व्हिडिओ यात हे जाणवतही नाही. एमुलेटरला मात्र सतत, न थांबता, पूर्ण वेग लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा वेग दिसतो. मी गेम चालू ठेवून बघत बसले. ३.२, ३.१, २.६, आणि अकराव्या मिनिटाला १.५. खेळाडूचा पाय तिथेच जड झाला.

आता रायपूरचा मे महिना. नवतपा सुरू, बाहेर ४५ अंशांच्या आसपास, आणि लॅपटॉप कुठे? दिवाणावर, गादीवर ठेवलेला, हवा जायची खालची भोकं चादरीने बंद. त्यात आमच्या गावची धूळ. उरला-सिलतराकडे राहणाऱ्यांना सांगायला नको, गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे होतात. तीच काळी धूळ खिडकीतून येते आणि पंख्यातही जाते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मेकॅनिककडे नेलं. त्याने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं. पंखा आणि त्याच्यापुढच्या पितळी जाळीच्या मध्ये धुळीचा अक्षरशः नमदा जमला होता. तो उचलला तर सलग तुकडा हातात आला. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. साफसफाई आणि नवी पेस्ट, साडेपाचशे रुपये.

हे घरीही करता येतं, पण वॉरंटी असेल तर उघडू नका. उघडलंत तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आणि हवा मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवा. हवेने पंखा गरगर फिरला तर बिघडू शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. पेस्ट लावायचं काम माहितगाराकडे द्या.

घरी आल्यावर लॅपटॉप टेबलावर गेला, मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं, म्हणजे खालून हवा खेळते. माझ्या बीएच्या इंग्रजी साहित्याचा एवढा थेट उपयोग प्रथमच झाला. बाबांचा प्रस्ताव होता की लॅपटॉप थेट कूलरसमोर ठेवावा. मी नाही म्हटलं. वाळ्याच्या कूलरच्या हवेत दमटपणा असतो, बारीक थेंबही उडतात. खोली थंड करायला कूलर, लॅपटॉपला साधा टेबल फॅन.

मग चार्जर. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप वेग राखून वापरतो, म्हणून खेळताना चार्जर लावलेला हवा. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. ज्यांच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी ग्राफिक्स सेटिंगमध्ये एमुलेटरसाठी तेच निवडलंय ना हे बघावं. अनेकदा महागडं कार्ड झोपलेलं असतं आणि साधी चिप राबत असते.

या सगळ्यानंतर सेटिंग. पीसीएसएक्सटूमध्ये पडद्यावर आकडे दाखवायची सोय आहे, ती चालू करा. ईई म्हणजे मुख्य प्रोसेसरची नक्कल, जीपीयू म्हणजे चित्राचं काम. जो आकडा शंभराला टेकलाय तो दमलाय. जीपीयू दमला असेल तर रिझोल्यूशन मूळ मापावर आणा, ब्लेंडिंगची अचूकता कमी करा. ईई दमला असेल तर चित्र कितीही कमी केलंत तरी फरक पडणार नाही. तिथे एमटीव्हीयू नावाची सोय चालू आहे का बघा. ती कामाचा एक भाग प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर टाकते. तेवढ्याने भागलं नाही तर ईई सायकल रेट एक पायरी खाली आणा. काही गेम याने सुधारतात, काही बिघडतात, म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि कागदावर लिहून ठेवा. मी सुरुवातीला सात गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि मग कशाने काय झालं तेच कळेना. शेवटी सगळं मूळ सेटिंगवर नेऊन पुन्हा सुरुवात केली. बहुतेक वेळा मूळ सेटिंगच बरी असते.

आणखी एक. आपल्याकडच्या डिस्क बहुधा पाल पद्धतीच्या, सेकंदाला ५० चित्रांच्या. ५० आकडा बघून "साठ का नाही?" म्हणून डोकं धरू नका, मी धरलं होतं. वेग १०० टक्के दिसतोय ना, मग झालं.

काही वाचकांच्या घरी एमुलेटर म्हणजे ब्लूस्टॅक्स, म्हणजे फोनचे गेम कॉम्प्युटरवर. तिथे सगळ्यात आधी टास्क मॅनेजरच्या त्याच सीपीयूच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन' पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'डिसेबल्ड' असेल तर ब्लूस्टॅक्स रांगणारच. ते कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आत तेवढंच बदला, बाकी कशाला हात लावू नका. आणि ८ जीबी रॅम असताना ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या ठेवून गेम खेळू नका. एकच रॅमची पट्टी असेल आणि दुसरी बसायला जागा असेल तर तशीच दुसरी बसवल्याने साध्या ग्राफिक्सच्या मशीनलाही फायदा होतो. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च किरकोळ. अर्थात प्रोसेसर फारच जुना असेल तर हे सगळं करूनही प्लेस्टेशन टू चालणार नाही, तेव्हा पैसे वाया घालवण्याआधी प्लेस्टेशन वन किंवा पीएसपीचे गेम बघा, ते बरेच हलके असतात.

आमच्याकडे आता गिल्ली-डंडा पूर्ण वेगात चालतो. कबड्डीत गर्दी झाली की ९० टक्क्यांवर येतो. बाबा म्हणाले, "दमलेत ते, आठ जणांना शिवून आलेत." एफडी शाबूत आहे.

गंमत म्हणजे विटी-दांडू खेळात बघून भाच्याला प्रश्न पडला की विटीच्या दोन्ही टोकांना धार कशाला. २०२२ साली इथे सरकारने छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू केलं तेव्हा त्यात गिल्ली-डंडा होता. तेव्हा बाबा हौसेने बघायला गेले होते, त्याच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. माझ्याकडे न बघता. मोडकी हिंदी, थोडं मराठी, बाकी हातवारे.

लॅपटॉप अजूनही अर्ध्या तासाने गरम होतो, उन्हाळा आहे, होणारच. बाबा ताप बघतात तसा उलटा हात त्याच्या पाठीला लावतात आणि म्हणतात, "दहा मिनिटं थांबू या." पूर्वी या दहा मिनिटांत भाचा फोन मागायचा. परवा मी स्वयंपाकघरातून ऐकलं तर तो विचारत होता, "आजोबा, तात्यापारा किती दूर आहे?"